पॅट्रिक ओकॉनेल : बार्सिलोना क्लब खरंच याने वाचवला का?

दक्षिणस्टँड

२ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. युनायटेड १-० ने पुढे आहे आणि त्यात पेनल्टी मिळते. चेंडू ठेवायला कर्णधार स्वतः पुढे येतो, धावत येऊन हाणतो आणि चेंडू गोलपोस्टच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. इतका बाहेर, की बघणारे एकमेकांकडे बघायला लागतात. पुढे आणखी एक गोल होऊन २-० झाल्यावर तर दोन्ही संघ नुसते वेळ काढत बसले. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमने चुकून एक जोरकस फटका क्रॉसबारवर मारला, तर त्याचेच सहकारी त्याच्यावर डाफरले. नंतर बाहेर आलं की बुकींकडे नेमक्या २-० या स्कोअरवर बक्कळ पैसे लागले होते.

चौकशी झाली. दोन्ही क्लबांचे मिळून सात खेळाडू तहहयात बाद. पेनल्टी बाहेर मारणारा कर्णधार मात्र त्या सातांत नव्हता. हा पॅट्रिक ओकॉनेल, युनायटेडचा पहिला आयरिश कर्णधार. पुढे १९३७ साली हाच माणूस बार्सिलोनाचा प्रशिक्षक म्हणून भर यादवी युद्धात संघ घेऊन मेक्सिकोला गेला आणि त्या दौऱ्याच्या पैशावर क्लब तगला. स्पेनमध्ये त्याला डॉन पॅत्रिसिओ म्हणत.

त्याच्याबद्दल जिथे वाचावं तिथे 'बार्सिलोना वाचवणारा आयरिश माणूस' यावरच गाडी अडते. मला ही ओळ अर्धीच खरी वाटते. त्याची खरी कमाई बार्सिलोनात नाही, सेव्हियात आहे. का, ते सांगतो.

जन्म डब्लिनचा, १८८७. पिठाच्या गिरणीत कामाला आणि उरलेल्या वेळात फुटबॉल. बेलफास्ट सेल्टिककडून खेळताना नजरेत आला आणि १९०९ मध्ये शेफील्ड वेन्सडेने उचलला. तिथे फारसं जमलं नाही. मग हल सिटी, तिथे जमलं. १९१४ मध्ये आयर्लंडने ब्रिटिश होम चॅम्पियनशिप जिंकली (फाळणीच्या आधीचा काळ, अख्ख्या बेटाचा संघ एकच), त्यात इंग्लंडला त्यांच्याच घरात, मिडल्सब्रोला, ३-० धुतलं. ओकॉनेल त्या संघात होता. स्कॉटलंडविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात मोडक्या हातानिशी खेळत राहिला असं सांगतात. त्याच वर्षी युनायटेडने १००० पौंड मोजून त्याला घेतलं. तेव्हाच्या मानाने मोठी रक्कम. पण पदरात पडला एकच मोसम, मग महायुद्धाने लीगच बंद.

युद्धानंतर स्कॉटलंडमध्ये डंबार्टन, मग इंग्लंडच्या ईशान्येला कोळशाच्या खाणींच्या गावात अॅशिंग्टनचा खेळाडू-व्यवस्थापक. आणि १९२२ मध्ये बायको आणि चार मुलं मागे ठेवून गडी थेट स्पेनला, रासिंग सांतांदेरचा प्रशिक्षक म्हणून. या संसाराकडे तो परत फिरला नाही.

सांतांदेरला सात वर्षं. स्पेनमध्ये तेव्हा ब्रिटनहून आलेल्या प्रशिक्षकांची चलती होती. रासिंगमध्येच त्याच्या आधी फ्रेड पेंटलंड होऊन गेला होता, तोच तो गोल हॅटवाला, पुढे अॅथलेटिक बिलबाओला गाजलेला. १९२९ मध्ये ला लीगा, म्हणजे स्पेनची राष्ट्रीय लीग, सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा संघांत रासिंग होतं, यात ओकॉनेलचा हात मोठा. मग दोन वर्षं ओविएदो, आणि १९३१ मध्ये सेव्हिया शहरातला बेटिस क्लब.

इथे थांबायला हवं. बेटिस तेव्हा दुसऱ्या श्रेणीत. १९३२ मध्ये ती श्रेणी जिंकून वर आले, पहिल्या श्रेणीत येणारा अंदालुसियाचा, म्हणजे दक्षिण स्पेनचा, पहिला क्लब. तीन वर्षांत, १९३४-३५ च्या मोसमात, थेट लीग विजेते. माद्रिदपेक्षा एकच गुण जास्त, ३४ विरुद्ध ३३. शेवटचा सामना २८ एप्रिल १९३५ ला, तोही कुठे, तर सांतांदेरला, त्याच्याच जुन्या क्लबाविरुद्ध. ५-० ने जिंकले. पैसा माद्रिदकडे, बिलबाओकडे, बार्सिलोनाकडे. बेटिसकडे तेव्हा नावातलं 'रिअल' (म्हणजे 'राजेशाही') हे बिरुदसुद्धा नव्हतं, प्रजासत्ताक आल्यावर ते काढून टाकलेलं.

त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाने त्याला नेलं. पहिल्या वर्षी कॅटलान (बार्सिलोनाच्या प्रांताचं) अजिंक्यपद आणि स्पेनच्या चषक स्पर्धेची अंतिम फेरी. जुलै १९३६ मध्ये युद्ध पेटलं आणि ऑगस्टमध्ये क्लबचे अध्यक्ष जुसेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैनिकांनी ग्वादारामाच्या डोंगरात गोळ्या घातल्या. ओकॉनेल तेव्हा सुट्टीवर आयर्लंडमध्ये होता. परत आला नसता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. तो आला, याचं श्रेय पूर्ण त्याचं. पण मेक्सिकोचं निमंत्रण आणलं ते मानुएल मास सेरानो या तिकडे स्थायिक झालेल्या कॅटलान माणसाने, साधारण १५,००० डॉलर आणि सगळा खर्च या बोलीवर. हिशेब-व्यवहार सांभाळला तो क्लबचे सचिव रुसेंद काल्वेत यांनी. पैसे बार्सिलोनाला न आणता पॅरिसच्या बँकेत ठेवायचं शहाणपणही व्यवस्थापनाचं. ओकॉनेलने संघ एकत्र ठेवला, खेळवला आणि परत आणला. म्हणजे जेवढा परत यायला तयार होता तेवढा. सोळातले चारच खेळाडू बार्सिलोनाला परतले.

म्हणून म्हणतो, बार्सा, म्हणजे बार्सिलोना क्लब, चौघा-पाच जणांनी मिळून वाचवला. बेटिसला लीग मिळवून दिली ती मात्र याने. पटतंय का?

मडगावचा_बॅक

बेटिसबद्दल शंभर टक्के. एक आकडा राहिला: त्या मोसमात २२ सामन्यांत बेटिसवर फक्त १९ गोल झाले. आजच्या डोळ्यांनी हे साधं वाटेल. पण १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला होता. आधी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी लागायचे, ते दोनावर आले. त्यानंतर सगळ्या युरोपात गोलांचा पाऊस. बचावफळ्यांना नवीन गणित सुटेपर्यंत काही वर्षं गेली. ओकॉनेल स्वतः जुन्या पद्धतीचा हाफबॅक. मधोमध उभं राहून मागे कोण मोकळा सुटतोय हे बघणं हा त्याचा धंदाच होता.

आणि माणसं निवडली ती बघा. गोलात उर्कियागा, त्याच्यासमोर अरेसो आणि आएदो, तिघेही बास्क, म्हणजे उत्तर स्पेनचे. पुढे उनामुनो, अॅथलेटिक बिलबाओहून आलेला, तोही बास्क. लेकुएसुद्धा. अंदालुसियाच्या क्लबचा विजेता संघ बघितला तर सेव्हियाचे म्हणावेत असे जेमतेम. उत्तरेत नऊ वर्षं काढल्याचा हा फायदा. कोणत्या गावात कोण पोरगा काय खेळतो हे त्याला तोंडपाठ असणार. चिखलात खेळून तयार झालेले बॅक त्याने सेव्हियाच्या उन्हात आणून उभे केले.

सव्वाशेर

माफ करा, पण मला यात नायक दिसत नाही. पेनल्टी मुद्दाम बाहेर मारणारा माणूस. बायको-पोरं वाऱ्यावर सोडली. इतकंच नाही, सेव्हियात दुसरं लग्न केलं, पहिलं न मोडता. पहिलीचंही नाव एलेन, दुसरीचंही एलेन, दुसरीही आयरिश. आणि तुम्ही ज्या सांतांदेरच्या ५-० चं कौतुक करताय, त्याच्या आदल्या रात्रीचा किस्सा का गाळला? हे महाशय रासिंगच्या जुन्या ओळखीच्या खेळाडूंना जाऊन भेटले होते. उद्या फार अंग मोडून खेळू नका म्हणून.

दक्षिणस्टँड

@सव्वाशेर, किस्सा गाळला कारण तो किस्साच आहे. पण अर्धा सांगू नका. भेटीत त्या खेळाडूंनी म्हणे उलट ऐकवलं की आमचे अध्यक्ष माद्रिदचे चाहते आहेत आणि तुम्हाला हरवलं तर आम्हाला बक्षीस मिळणार आहे. अध्यक्ष म्हणजे होसे मारिया दे कोसिओ, बैलझुंजींवर जाडजूड कोश लिहिणारे लेखक. म्हणजे किस्सा खरा धरला तर बेटिस पाच गोलांनी जिंकलं ते जीव तोडून खेळणाऱ्या संघाविरुद्ध. उनामुनोने त्यात तीन गोल मारले.

१९१५ बद्दल: त्याच्यावर काहीच सिद्ध झालं नाही. बाद झालेल्यांत युनायटेडचे तिघे, सँडी टर्नबुल, आर्थर व्हॅली आणि इनॉक वेस्ट. टर्नबुल १९१७ मध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. युद्धात सेवा केली म्हणून बहुतेकांची बंदी १९१९ मध्ये उठली, टर्नबुलची मरणोत्तर. वेस्ट शेवटपर्यंत मी निर्दोष म्हणत राहिला, त्याची बंदी उठायला १९४५ उजाडलं. तोवर तो साठीला टेकलेला. शिक्षा झालेल्यांचंही चित्र इतकं धूसर असेल तर न झालेल्यावर निकाल कुठल्या तोंडाने द्यायचा?

सव्वाशेर

तोंडाचं सोडा, गोलपोस्ट केवढा मोठा असतो बघा. कर्णधार आहे, व्यावसायिक आहे, बारा यार्डांवरून मारतोय. मी त्याला तुरुंगात टाका म्हणत नाहीये. फक्त पुतळे उभारताना हेही कोरा. त्या निकालाचा फटका कोणाला बसला माहितेय ना? शेवटचे दोन संघ खालच्या श्रेणीत जायचे. युनायटेड १८वे राहिले, चेल्सी एका गुणाने खाली, १९वे.

मडगावचा_बॅक

चेल्सीचं नुकसान कागदावरच राहिलं. युद्धानंतर लीगने पहिली श्रेणी बावीस संघांची केली आणि चेल्सीला वरच ठेवलं. बरोबरीने आर्सेनल दुसऱ्या श्रेणीत पाचव्या-सहाव्या नंबरावर असताना मतदानाने वर आलं, टॉटनहॅम खाली गेलं. उत्तर लंडनचं भांडण तिथे पेटलं ते अजून विझलेलं नाही. पण हा दुसरा धागा झाला.

निळीछत्री

लंडनहून लिहितेय. घरातल्या भागाबद्दल सव्वाशेर यांच्याशी सहमत. फुटबॉलच्या गप्पांत हा भाग 'रंगेल गडी' म्हणून हसण्यावारी नेतात, ते मला खटकतं. मागे राहिलेल्या पहिल्या एलेनने चार मुलं एकटीने वाढवली. मध्येच कधीतरी पैसे यायचे, पत्ता नसायचा. मुलगा मोठा होऊन बापाला शोधत स्पेनला पोचला तेव्हा बापाने चारचौघांत त्याची ओळख पुतण्या म्हणून करून दिली. हे करणारा तोच माणूस, जो बॉम्ब पडत असलेल्या शहरात दुसऱ्यांची पोरं सांभाळायला परत गेला. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

शेवट इथेच, लंडनमध्ये झाला. पन्नाशीच्या दशकात परतला, भावाच्या आसऱ्याला राहिला, फेब्रुवारी १९५९ मध्ये गेला. खिशात काही नव्हतं. केन्सल ग्रीनच्या सेंट मेरीज दफनभूमीत पुरलं, वर दगडही नाही. कोण आहे हे माहीत नसलेल्या शेजारच्या थडग्यांवर नावं आणि याच्यावर नुसतं गवत, पन्नासहून अधिक वर्षं. मग कुटुंबातल्या लोकांनी आणि चाहत्यांनी निधी जमवला आणि २०१६ मध्ये स्मारक उभं राहिलं. गंमत म्हणजे ज्या नातसुनेने त्याचं चरित्र लिहून लोकांसमोर आणलं, ती त्याने सोडून दिलेल्या घरातलीच.

केळीचेपान

धागा वाचता वाचता चहा गार झाला. प्रश्न: मेक्सिकोहून जे बारा जण परत आले नाहीत त्यांचं काय झालं?

दक्षिणस्टँड

@केळीचेपान, काही मेक्सिकोतच राहिले, काही फ्रान्सपर्यंत आले आणि तिथे थांबले. सगळ्यांत भारी गोष्ट मार्ती व्हेंतोल्राची. १९३४ च्या विश्वचषकात स्पेनकडून खेळलेला विंगर. तो मेक्सिकोत राहिला, तिथे राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्या भाचीशी लग्न केलं आणि त्याचा मुलगा १९७० च्या विश्वचषकात मेक्सिकोकडून खेळला. बापलेक वेगवेगळ्या देशांकडून विश्वचषक खेळल्याची उदाहरणं मोजकीच.

एस्कोला, राइच आणि बाल्मान्या हे तिघे दक्षिण फ्रान्समध्ये सेत क्लबकडे. युद्धानंतर परतले, शिक्षा भोगली आणि पुन्हा बार्साकडून खेळले. बाल्मान्या तर पुढे बार्साचा आणि स्पेनच्या राष्ट्रीय संघाचाही प्रशिक्षक झाला. म्हणजे पळून गेलेल्यांचंही एका अर्थाने बरंच झालं. परतलेल्या चौघांना आणि ओकॉनेलला काय मिळालं, तर १९३८ चे बॉम्बहल्ले. मार्चमध्ये एक बॉम्ब थेट क्लबच्या कचेरीवर पडला.

आजोबांची_शिट्टी

एस्कोलाचं नाव निघालं म्हणून. २१ जून १९३६, वालेन्सियाला चषकाची अंतिम लढत, माद्रिद विरुद्ध बार्सा. माद्रिद २-१ ने पुढे, शेवटची मिनिटं. एस्कोला गोलच्या उजव्या-डाव्याचा विचार न करता खालून कोपऱ्यात फटका मारतो. मैदान सुकलेलं, गोलरेषेजवळ धुळीचा लोट उठतो. बार्साचे खेळाडू हात वर करून वळलेसुद्धा. धूळ बसते आणि रिकार्दो झामोरा चेंडू हातात घेऊन उभा. कारकिर्दीच्या अगदी शेवटाकडचा सामना त्याचा, आणि तोही एके काळचा बार्साचाच गोलरक्षक. तो छायाचित्रातला धुळीचा क्षण स्पेनमध्ये आजही छापतात.

त्याहून कडू गोष्ट: माद्रिदचा दुसरा गोल कोणाचा? लेकुएचा. ओकॉनेलने बेटिसमध्ये घडवलेला, लीग जिंकल्याबरोबर माद्रिदने पळवलेला. तो फटका गेला असता आणि पुढे जिंकले असते तर डॉन पॅत्रिसिओच्या खात्यात सलग दोन वर्षांत लीग आणि चषक, दोन वेगळ्या क्लबांसाठी. महिन्याभरात युद्ध सुरू झालं. ती संधी मग आलीच नाही.

सव्वाशेर

हे भारी लिहिलंत. आता 'वाचवला' यावर माझंही मत सांगतो, आणि ते धागाकर्त्याच्या विरुद्ध दिशेचं आहे. निमंत्रण कोणाचं, बँक कोणती, हे सगळं ठीक. पण १९३६ च्या शरद ऋतूत क्लब कामगारांची समिती चालवत होती, अध्यक्ष मारलेला, लीग बंद, तिकीटविक्री नाही, खेळाडूंपैकी कोण युद्धाच्या आघाडीवर जाईल सांगता येत नाही. अशा वेळी 'संघ' नावाची वस्तू शिल्लक असणं हेच निमंत्रणाचं भांडवल. मास सेरानोने रिकाम्या क्लबला थोडंच बोलावलं असतं? १९३७ ची भूमध्य लीग (युद्धकाळात भूमध्य किनाऱ्याकडच्या क्लबांची) बार्साने जिंकली ती याच माणसाच्या हाताखाली. मला माणूस आवडत नाही, पण इथे त्याचं माप कमी पडतंय.

दक्षिणस्टँड

मुद्दा घेण्यासारखा आहे. तरी मी काल्वेत यांना खाली उतरवणार नाही. पैसे त्या वेळी बार्सिलोनाला आणले असते तर चलन घसरून किंवा जप्तीत गेले असते. प्रशिक्षकाने माणसं टिकवली, सचिवाने पैसा टिकवला, असं म्हणू या.

कुंपणावरचा

भूमध्य लीगवरून: तिच्यातले वरचे चार संघ मग 'मुक्त स्पेन चषक' खेळणार होते. बार्सा जहाजावर होता म्हणून खेळलाच नाही, त्यांच्या जागी पाचवा आलेला लेव्हान्ते घुसला आणि अंतिम सामन्यात वालेन्सियाला हरवून जिंकला. फ्रँकोच्या राजवटीत अर्थातच ही स्पर्धा झालीच नाही असं धरलं. स्पॅनिश महासंघाने लेव्हान्तेचं ते जेतेपद मान्य केलं २०२३ मध्ये. ओकॉनेल मेक्सिकोला गेला नसता तर लेव्हान्तेच्या कपाटात तो चषक नसता.

अवांतर: आयरिश खेळाडू-प्रशिक्षक म्हटल्यावर मला आधी रॉबी कीन आठवला. २०१७-१८ च्या आयएसएलमध्ये कोलकात्याच्या एटीकेकडून खेळायला आला आणि मोसम संपता संपता खेळाडू-प्रशिक्षकाची टोपीही त्याच्याच डोक्यावर पडली. पुढे मक्काबी तेल अवीव आणि फेरेनत्स्वारोश, दोघांना लीग जिंकून दिली. आयर्लंडबाहेर जाऊन नाव काढायची परंपरा जुनी दिसते.

मडगावचा_बॅक

युद्धानंतरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. १९४० मध्ये तो बेटिसकडे परत आला. विजेता संघ केव्हाच विखुरलेला, अरेसोला तर बार्सा १९३५ मध्येच घेऊन गेलं होतं, क्लब खाली घसरून दुसऱ्या श्रेणीत. दोन वर्षं काढली आणि मग गेला कुठे, तर त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी सेव्हिया क्लबाकडे! आपल्याकडे मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला जाणं म्हणतात तसं. तिथे १९४२-४३ मध्ये लीगमध्ये दुसरा नंबर, बिलबाओच्या मागे. तरी बेटिसवाल्यांनी त्याला कधी गद्दार म्हटलेलं माझ्या वाचनात नाही, उलट मानानेच नाव घेतात. ज्याने लीग आणली त्याला काय बोलणार? त्यांचं ब्रीदच 'व्हिवा एल बेटिस मांके पिएर्दा', हरला तरी बेटिस जिंदाबाद. शेवटची प्रशिक्षकी पुन्हा रासिंग सांतांदेरला, १९४७ ते ४९.

निळीछत्री

म्हणजे सोडून गेलेल्या क्लबांकडे परत जायचा. घरी सोडून.

केळीचेपान

बापरे. 

बेटिसने नंतर परत कधी लीग जिंकली का?

दक्षिणस्टँड

नाही. चषक तीनदा आणला, १९७७, २००५ आणि २०२२ मध्ये. लीग ती एकच, १९३५ ची.